नवसाबाईचे हात

नवसाबाई आमच्या वर्गात आली तेव्हा तिला टेबलावर चादरसुद्धा नीट अंथरता येत नव्हती, हे मी आधीच सांगून ठेवते. कारण पुढचं ऐकलं की सगळे तिच्याच बाजूने होतात आणि माझी बाजू घ्यायला मी एकटीच उरते.

१९९९ सालची गोष्ट. नाशिकला गंगापूर रोडवर एका औषधाच्या दुकानाच्या वर यशोदाबाई गायधनींचा वर्ग भरायचा. दुखणं हाताने ओळखायचं आणि हातानेच बरं करायचं, एवढंच तिथे शिकवत. मी बाईंकडे सात वर्षं होते. आधी शिकले, मग शिकवायला मदत करू लागले. चादरी धुण्यापासून नव्या मुलींचे हात फार गार तर नाहीत ना हे बघण्यापर्यंत सगळं माझ्याकडे. त्या वर्षी बाई सातपूरला दुसरा वर्ग काढणार होत्या, आणि तो मला मिळणार असं सगळे धरूनच चालले होते. मीही.

बाईंना एक गोष्ट मात्र ठाऊक नव्हती. माझ्या उजव्या हाताचा अंगठा गेला होता. माणसांच्या पाठी दाबून दाबून तो आधी दुखायचा, मग वर्षभरापूर्वी बधिर झाला. त्याच्याखाली गाठ आहे की हाड, काही कळेना. बाईंच्या कानावर गेलं असतं तर सातपूर हातचं गेलंच असतं. म्हणून मी डोळ्यांवर काम भागवत होते. जिन्याच्या खिडकीशी बसायचं आणि येणारा माणूस कसा चढतो ते बघून ठेवायचं. कठड्याला कुठला हात लावला, कितव्या पायरीवर थांबला, वळताना मान वळली की सगळं अंग वळलं. दहापैकी आठ वेळा माझं बरोबर यायचं.

बाईंची परीक्षा घ्यायची रीत ठरलेली होती. येणाऱ्याने आपलं दुखणं चिठ्ठीवर लिहून बाईंकडे द्यायचं आणि टेबलावर पालथं झोपायचं. अंगावर पांढरी चादर. शिकणारीने एक शब्द न विचारता मानेपासून टाचेपर्यंत हात फिरवायचे आणि जिथे मूळ वाटेल तिथे चादरीवर शिंप्याच्या निळ्या खडूने फुली मारायची. मग बाई चिठ्ठी उघडायच्या.

नवसाबाई पेठकडची. द्राक्षाच्या छाटणीला दरवर्षी नाशिककडे यायची. गावी बाळंतिणींना चोळायची, मळ्यात कोणाची कंबर धरली की तीही सोडवून द्यायची. बाईंनी ऐकलं आणि फी न घेता तिला बोलावून घेतलं. मला तेव्हाच ते खुपलं, कारण माझी फी बाईंनी पैसुद्धा कमी केली नव्हती. नवसाबाईला स्नायूंची नावं पाठ होत नसत. मला सगळी तोंडपाठ होती. तिला मी "पुस्तक कधी उघडणार?" असं विचारायचे. तिला वाचता येत नव्हतं, आणि ते मला माहीत होतं.

दिवाळीनंतर एकदा विंचूरच्या कांदा मार्केटातला एक हमाल आला. जिन्यातच त्याने कंबरेवर हात ठेवलेला मी पाहिला होता. मी दोन मिनिटं हात फिरवायचं सोंग केलं आणि कंबरेवर फुली मारली. मग नवसाबाई आली. तिने डाव्या घोट्यावर फुली मारली. मी मोठ्याने हसले. चिठ्ठीवर 'कंबर' लिहिलेलं होतं.

बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी हमालाला घोट्याचं विचारलं. तो म्हणाला, "दोन वर्षं झाली, गोणी पडली होती पायावर. तवापासून पाय जरा जपूनच टाकतो."

"मीना, तू दुखणं सांगितलंस," बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या. "हिने मूळ सांगितलं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्यात संध्याकाळी बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की सातपूरसाठी त्या नवसाबाईचा विचार करताहेत. येत्या शनिवारी एक परीक्षा. फुली बरोबर आली तर वर्ग तिचा, चुकली तर माझा.

"बाई, तिला हजेरी तरी मांडता येईल का?"

"हजेरी मांडायला कोणीही मिळेल. तसे हात कुठून आणू?"

त्या रात्री मी जेवले नाही. मला तिचा राग नव्हता, हेवा होता. राग निवतो.

शनिवारी कारखान्यातला जो माणूस यायचा होता, त्याला ओव्हरटाइम लागला. बाई परीक्षा पुढे ढकलायला निघाल्या, तेवढ्यात मी म्हणाले, "मी झोपते ना." चिठ्ठीवर लिहिलं, 'डावा खांदा, चार महिने.' माझा डावा खांदा ठणठणीत होता. लबाडी होती, शुद्ध लबाडी, आणि लिहिताना मला अजिबात लाज वाटली नाही.

मी पालथी झोपले. वर्गातल्या बारा जणी भोवती उभ्या. नवसाबाईने हात ठेवले.

सात वर्षांत मी शेकडो हात पाहिले, पण माझ्या अंगावर कोणाचे फारसे पडले नव्हते. तिचे हात दाबत नव्हते. ते ठेवलेले असत आणि वाट बघत. डाव्या खांद्यावर थांबले, पुढे गेले. पाठ, कंबर, पाय. परत वर आले, उजव्या दंडावरून कोपर, मनगट, आणि अंगठा.

तिथे थांबले.

तिने चादरीवरूनच माझा अंगठा आपल्या तळहातावर घेतला आणि धरून ठेवला. हिला कळलं. आता एक फुली, की बाई अंगठा हातात घेऊन बघणार आणि सगळं उघडं पडणार. मी डोळे मिटून घेतले.

तिने माझा हात सावकाश खाली ठेवला.

"बाई, मला नाय गावलं."

"नीट बघ," बाई म्हणाल्या.

"बघितलं. नाय गावत."

बाईंनी चिठ्ठी उघडून वाचली आणि नुसती मान हलवली. सातपूर माझं झालं. नवसाबाई माझ्या अंगावरची चादर काढायला वाकली आणि कानाशी पुटपुटली, "ताई, एरंडाचं पान गरम करून बांधा अंगठ्याला. मी नाय सांगत कोनाला."

काय झालं मला, सांगते. हात तिचे. मूळ ओळखणं तिचं. बाईंचं कौतुक तिचं. आता मोठं मनसुद्धा तिचंच? आणि मी जन्मभर तिच्या उपकारावर सातपूरला शिकवायचं? एवढं सगळं मी तिला मिळू देणार नव्हते.

मी ताडकन उठून बसले. "बाई, चिठ्ठी खोटी आहे! खांद्याला काही झालेलं नाही. माझा अंगठा गेलाय, वर्ष झालं. हिला कळलं आणि ही मुद्दाम गप्प बसली!"

बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी माझा अंगठा नखापाशी चिमटीत धरून जोरात दाबला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मला काहीच जाणवलं नाही, आणि ते त्यांना दिसलं. मग त्यांनी माझा हात नवसाबाईच्या हातात दिला.

"तुला कसं कळलं ते यांना दाखव. सातपूरची सुरुवात आजपासूनच कर."

नवसाबाई आधी लाजली. मग एकेकीला जवळ घेऊन माझा हात देऊ लागली. मुली चेपायला लागल्या तशी म्हणाली, "दाबू नका गं. नुस्तं धरा. हितं मांस बसलंय, बघा. हे अंगठ्याचं नाय, मनगटातून आलंय." बाईंनी मान डोलावली. मला ते वर्षभरात सुचलं नव्हतं.

बारा जणींपैकी कोणी माझ्याकडे बघत नव्हतं. सगळ्या तिच्याकडे बघत होत्या, आणि मीही. ती छान शिकवत होती, माझ्यापेक्षा छान. तिची बोटं मनगटावरून कोपराकडे कशी जातात ते मी मन लावून शिकत होते, आणि तेवढ्यातही मला वाटत होतं, की हे सगळं बोलायची जागा माझी होती.