आजीचा गालिचा आणि आरपार वारा

बिर्गिट काकू यंदा जुलैत मुलांना घेऊन व्हिएन्नाहून आमच्या गावी आली, ती काही प्रेमापोटी नव्हे. ग्रीसमधल्या हॉटेलांनी भाव वाढवले होते. गोरान काकाला रजा मिळाली नाही, म्हणून तिने एकटीनेच गाडी हाणली, आणि बॅगा अजून डिकीत असतानाच सांगून टाकलं, "एक आठवडा. मुलं रमली, तर दर वर्षी येऊ. रमली नाहीत, तर पुढच्या वर्षी समुद्र."

काकू आमची सर्बियन भाषा व्याकरणाच्या पुस्तकातून शिकली आहे. त्यामुळे तिने मीठ मागितलं तरी कोर्टाचा निकाल ऐकल्यासारखं वाटतं.

आजी आत गेली आणि पीठ मळायला लागली. घाबरली की ती पीठ मळते. त्या दिवशी जेवायला सहा माणसं होती आणि चीजची गिबानित्सा वीस माणसांची झाली.

तिच्या घाबरण्याला कारण होतं. काकाने व्हिएन्नात प्लास्टरिंग करून करून आमच्या घराशेजारी तीन मजली घर बांधलंय. फाटकावर सिमेंटचे दोन सिंह बसवलेत. वर्षभर त्या घरात राहतात ते सिंहच. आजी रोज फडकं घेऊन त्यांची धूळ पुसते. एकदा तर ती डावीकडच्या सिंहाला "जेवलास का रे?" असं विचारताना मी स्वतः ऐकलंय. गेली तीन वर्षं नातवंडं ग्रीसला जात होती. हा आठवडा फसला असता, तर तिच्या वाट्याला कायमचे सिंहच येणार होते.

मुलांना रमवायचं काम माझ्यावर आलं, कारण घरात बेकार मी एकटाच. आन्या दहा वर्षांची, टेओ सात वर्षांचा. नदी, डोंगर, धबधबा, कुरण, सगळं फुकट. शहरातली माणसं याला साहस म्हणतात. आमच्याकडे याला 'रेल्या, गाय कुठे गेली बघून ये' म्हणतात.

अडचण एकच होती, आणि ती म्हणजे आजीच.

आमच्याकडे माणसं दोन गोष्टींनी मरतात, म्हातारपणाने आणि आरपार वाऱ्याने. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या राहिल्या की मधून जो वारा जातो, तो. बाहेर चाळीस डिग्री असोत, बसमध्ये माणसं उकडून बेशुद्ध पडोत, दुसरी खिडकी कोणी उघडत नाही. माझे पणजोबा दोन महायुद्धांतून धडधाकट परत आले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे असताना गेले. त्यांचं वय त्र्याण्णव होतं, पण घरात त्याचा उल्लेख होत नाही. दार मात्र दोन्हीकडून उघडं होतं.

तर सोमवारी आम्ही डोंगरावर निघालो. आजीने बरोबर इतकं खायला दिलं, की पहिला मुक्काम फाटकापाशी, सिंहांच्या सावलीत पडला, आणि शेवटचाही तिथेच.

मंगळवारी धबधब्यावर नेलं. मुलं पाण्यातून बाहेर येतात तो आजी केस वाळवायचं मशीन घेऊन हजर. वीज तीन घरांतून वायरी जोडत जोडत कुरणापर्यंत आणली होती. टेओ दगडावर टेकला, तर ओरडली, "ऊठ, ऊठ! गार दगडावर बसलास तर मूलबाळ होणार नाही!"

टेओ आईला म्हणाला, "मला आत्ता नकोच आहे."

बुधवारी कुरणात तंबू ठोकला. जमिनीची ओल लागेल म्हणून आजीने त्यात गादी घातली, गादीखाली फळ्या, पायथ्याशी शेगडी. संध्याकाळी मुलांनी आत बघितलं तर भिंतीला घड्याळ लटकत होतं.

"हे आपल्या व्हिएन्नाच्या घरासारखंच आहे," आन्या जर्मनमध्ये म्हणाली. काकूने ते भाषांतर करून सांगितलं. आजीला ते कौतुक वाटलं. आजोबांना नाही वाटलं.

आजोबा गुरुवारी पहाटेच मला गोठ्यामागे घेऊन गेले. "रेल्या, ही बाई माझी नातवंडं ग्रीसला घालवणार."

"काकू?"

"काकू कुठली! तुझी आजी."

गोठ्यामागे त्यांनी तराफा बांधून ठेवला होता. खाली कोबी खारवायची निळी प्लास्टिकची पिंपं, वर फळ्या, फळ्यांना खिळे मारून बसवलेलं टेबल, टेबलाभोवती बाकं, टोकाला कोळशाची भट्टी. आमच्या नदीवर, द्रिनावर, तराफा असाच असतो. वल्ही नसली तरी चालतं, भट्टी नसली तर लोक हसतात. सगळ्याला कोबीचा वास येत होता, पण आमच्या गावात वास न येणारी वस्तू म्हणजे सरकारी सूचना फक्त.

मुलांनी तराफा बघितला आणि आठवड्यात पहिल्यांदा दोघं एकदम किंचाळली. काकूने शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि लांब काठी हातात घेतली. आम्ही काठ सोडणार, एवढ्यात मागून आवाज आला.

"थांबा!"

आजी येत होती. खांद्यावर तिच्या लग्नातला लोकरी गालिचा, लाल-काळा, दाराएवढा नव्हे, दोन दारांएवढा.

"अगं, आम्ही नदीवर चाललोय," आजोबा म्हणाले. "घर झाकायला नाही."

"तेच म्हणते मी. नदी म्हणजे काय? वरूनही उघडी, खालूनही उघडी! एवढा मोठा आरपार वारा सबंध जिल्ह्यात नाही, आणि तुम्ही लेकरांना मधोमध बसवून नेताय. अहो, लाज कशी नाही वाटत?"

काकू म्हणाली, "आई, तो फक्त वारा आहे. ऑस्ट्रियात वाऱ्याने कोणी मरत नाही."

"मरतात. तुम्ही लोक वेगळं नाव लिहिता."

वाद घालायला वेळ नव्हता. आजीने स्वतः तराफ्यावर चढून बाकाच्या कडेला दोन वासे उभे ठोकले आणि वारा ज्या बाजूने येत होता त्या बाजूला गालिचा ताणून बांधला. गाठी अशा मारल्या, की आजोबांनी त्या पुढे सुरीने कापायचा प्रयत्न केला तेव्हा सुरी वाकली. मग ती काठावर उतरली. तराफ्यावर बसायला सांगितलं तर म्हणाली, "मला जगायचंय."

आम्ही निघालो.

आता, आमच्या गावात शिडाची होडी कोणी पाहिलेली नाही. समुद्र दूर आहे. त्यामुळे दोन वाशांवर ताणलेलं कापड आणि मागून येणारा वारा यांचा एकमेकांशी काही संबंध असतो, हे कोणाच्या डोक्यात येण्याचं कारण नव्हतं. कोणाचंही लक्ष गालिच्याकडे नव्हतं. सगळे भट्टीकडे बघत होते, कारण आजोबांनी सॉसेज टाकली होती.

पहिल्यांदा बोलली ती आन्या. "आपण नदीवरून खाली जाणार होतो ना?"

"हो."

"मग आपण आडवे का चाललोय?"

आम्ही खरंच आडवे चाललो होतो, आणि वेगाने. मागे आमचा काठ लांब जात होता. काठावर आजी पळत होती आणि हात हलवत होती. काकूने काठी खाली घातली, काठी तळाला लागेना. तिने ती वल्ह्यासारखी मारायला सुरुवात केली. मी फळीच्या तुकड्याने पाणी ढकलत होतो. गालिचा बैलाच्या पोटासारखा फुगला होता.

"गालिचा काढा!" मी ओरडलो.

"गालिचा काढू नका!" काठावरून आजीचा आवाज आला. पाण्यावरून आवाज फार लांब जातो.

"आजोबा, समोर काय आहे?" टेओने विचारलं.

आजोबांनी सॉसेज उलटलं. "समोर बोस्निया आहे, बाळा."

"दुसरा देश?"

"हो. पण लांब नाही."

खरंच लांब नव्हता. आम्ही सरळ जाऊन त्यात शिरलो. तराफा चिखलात रुतला, आजोबांनी एका हाताने भट्टी सावरली, आणि विलोच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसलेला सीमेवरचा पोलिस उभा राहिला. घामाने निथळत होता, पण शर्टाचं वरचं बटणही लावलेलं. पुढे कळलं, त्याचं नाव ओब्राद.

"पासपोर्ट?"

कोणाकडेच नव्हते. काकू एकदम पांढरी पडली. तिच्या देशात सीमा ही गंभीर गोष्ट आहे. "आम्ही चुकून आलो," ती म्हणाली. "आम्ही निष्पाप आहोत."

"चुकून?" ओब्रादने गालिच्याकडे बोट केलं. "शीड बांधून?"

"शीड नाही साहेब," मी म्हणालो. "आरपार वारा लागू नये म्हणून आजीने लावलाय. मुलं आहेत बरोबर."

ओब्रादने तराफ्याला एक फेरी मारली. गालिच्याच्या गाठी तपासल्या. मग मान हलवली. "बरोबर आहे. नदीवर फार असतो. माझ्या आईने मला वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंत नदीकाठी येऊ दिलं नव्हतं." मग त्याचा चेहरा कडक झाला. "पण एकाच बाजूला? दुसरी बाजू उघडी ठेवलीत? बेजबाबदारपणा आहे हा!"

आजोबांनी त्याच्यापुढे सॉसेजची ताटली धरली. तो बाकावर बसला. खाता खाताच त्याने आम्हाला अटक केली.

परत जाणं तसं सोपं होतं: वासे उपटून गालिचा उतरवायचा आणि वल्हवत जायचं. पण मुलांचे पाय ओले होते, आणि ओल्या मुलांना उघड्या तराफ्यावर सोडायला ओब्राद तयार होईना. "माझ्या हद्दीत नाही," तो म्हणाला. म्हणून त्याने सगळ्यांना जीपमध्ये कोंबलं. पुलावरून पलीकडे सोडणार होता. गालिचा वाशांसकट टपावर, मुलं मागे.

जीपमध्ये भट्टीतल्यापेक्षा जास्त उकडत होतं. ओब्रादच्या बाजूची खिडकी बोटभर उघडी होती. काकूने तिच्या बाजूची उघडली. ब्रेक करकचून लागला.

"मॅडम," ओब्राद वळून म्हणाला, "मुलांच्या देखत?"

काकूने तरी ती उघडीच ठेवली. म्हणाली, ती युरोपियन युनियनची नागरिक आहे.

पुलावर आमच्या बाजूला आजी उभी होती. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवरून आली होती. एका हातात सगळ्यांचे पासपोर्ट, दुसऱ्या हातात लोकरी बनियन. मी मनातल्या मनात ग्रीसला निरोप द्यायची तयारी केली. म्हणजे ग्रीसला नव्हे, मुलांना. काकूचे ओठ घट्ट मिटलेले होते. आजीने तिच्याकडे एकदाच बघितलं आणि मान खाली घातली. बनियन हातातच राहिलं.

एवढ्यात टेओ जीपमधून उडी मारून धावत सुटला.

"आजी! आम्हाला अटक झाली! दुसऱ्या देशात! खऱ्या पोलिसाने!"

"आणि तू बांधलेल्या शिडाने आम्ही तिथे गेलो!" आन्या म्हणाली.

"शीड नाही ते," आजी पुटपुटली.

टेओ आईकडे वळला. "ग्रीसमध्ये अटक करायचे किती घेतात?"

काकूने हिशेब केला असावा.

शुक्रवारी सकाळी तिची मान आखडली. डावीकडे वळेना. आदल्या दिवशी तिने काठी मारली होती, मी फळी, आणि माझेही दंड सुजले होते, तेव्हा कारण मला माहीत होतं. पण मी ते बोललो नाही, आणि का बोलावं? आजीने आलुबुखाऱ्याच्या राकियात फडकं भिजवलं, काकूच्या मानेला गुंडाळलं, वरून लोकरी पट्टा बांधला. सबंध दिवस काकू घरात दारूच्या गुत्त्यासारखी दरवळत फिरत होती.

संध्याकाळी सगळे स्वयंपाकघरात जेवायला बसलो. उकाडा होता. रस्त्याकडची खिडकी आजीने उघडली होती. मुलांनी हळूच अंगणाकडचीही उघडली, आणि वाऱ्याची एक झुळूक टेबलावरून गेली. आजीचा चमचा हवेत थांबला. तिने दात आवळले. पण नातवंडांचा शेवटचा दिवस होता. ती जागची हलली नाही.

काकू उठली. मान ताठ, सगळं अंग वळवत वळवत अंगणाच्या खिडकीपाशी गेली आणि ती बंद केली. कडीही घातली.

"मुलं बसली आहेत," ती म्हणाली, आणि परत येऊन बसली.

आजीने तिच्या ताटात गिबानित्साचा मोठा तुकडा वाढला. मग उठून आतल्या खोलीत गेली. पेटी उघडल्याचा आवाज आला.

"काय शोधतेस गं?" आजोबांनी विचारलं.

"दुसरा गालिचा," आजी आतून म्हणाली. "पुढच्या वर्षी दुसऱ्या बाजूला लागेल."