बाळ आपटलं

पाळणाघरात मला एकोणीस वर्षं झाली. माझ्यासमोर चालायला शिकलेल्या पोरांची गणती मी ठेवलेली नाही, पण त्यातलं एकही न पडता शिकलेलं नाही, हे छातीठोकपणे सांगते. तरी त्या दिवशी मला चोरासारखं उभं केलं.

झालं एवढंच. आमचा गुंडू, वय तेरा महिने, खेळण्यांच्या कपाटाला धरून चालत होता. मी हातभर अंतरावर. स्वारीला काय वाटलं कोण जाणे, हात सोडला, दोन पावलं टाकली आणि तिसऱ्याला तोंडावर. वरचा ओठ आतून हिरडीला जोडलेला असतो ना, ती बारीक पट्टी फाटली. तिथून रक्त असं येतं की नवख्या माणसाला घेरी यावी. मी त्याला मांडीवर घेतलं, ओलं स्वच्छ फडकं दहा मिनिटं दाबून धरलं. रक्त थांबलं. दात चाचपले, घट्ट होते. थोड्या वेळात पठ्ठ्या केळं खात होता.

मग त्याच्या आईला फोन केला आणि नोंदवहीत लिहिलं, "बाळ आपटलं. ओठ आतून फाटला. रक्त थांबलं." खाली सही.

संध्याकाळी वडील आले. दिवसभर कचेरीत दुसऱ्यांच्या अर्जांतल्या चुका काढायच्या, ती सवय घेऊनच आले. मी नको नको म्हणत असताना पोराचा ओठ वर करून पाहिला. झालं, जखम पुन्हा वाहायला लागली. मग नोंदवही मागितली आणि एका शब्दावर बोट ठेवलं.

"बाळ आपटलं? कोणी आपटलं?"

आधी मला कळेचना. कळलं तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे मी पोराला उचलून फरशीवर आदळलं, आणि वर स्वतःच्या हाताने लिहून सही केली.

"अहो, कोणी आपटलं तर 'बाळाला आपटलं' म्हणतात," मी म्हणाले. "आपलं आपण पडलं तर 'बाळ आपटलं'. शाळेत गेला होतात ना?"

पाळणाघर चालवणाऱ्या मॅडम मध्ये पडल्या. "मावशी, 'माझ्या हातून चूक झाली' एवढं लिहून द्या. विषय मिटवा."

चूक झाली असती तर पाय धरले असते मी. झालीच नाही, तर काय म्हणून लिहू?

तेवढ्यात आई कामावरून थेट आली. तिने वाद ऐकून न घेता पोराला कडेवर घेतलं आणि समोरच्या दवाखान्यात नेलं. आम्ही तिघं मागोमाग. डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारून पाहिलं. "चालायला लागलेल्या मुलांचं हे नेहमीचंच. टाका नको, आपोआप भरेल. पण रक्त पुन्हा का आलं? ओठ कोणी उचलला?"

मी नुसतं वडिलांकडे पाहिलं.

पण पडलो तरी नाक वर. पाळणाघरात परत आल्यावर म्हणतात कसे, "ठीक आहे. पण महिनाभर त्याला चालू द्यायचं नाही. खुर्चीत पट्टा लावून बसवायचं. नाहीतर आम्ही तक्रार करू."

"बसवू की," मॅडम लगेच म्हणाल्या. "मावशी, उद्यापासून तो खुर्चीत. नाही जमणार तर मला दुसरी बाई बघावी लागेल."

नुकते पाय फुटलेल्या पोराला महिनाभर बांधून ठेवायचं. का, तर मोठ्या माणसांना रक्त बघवत नाही म्हणून.

"बसवायचंच असेल तर मला घरी बसवा," मी म्हणाले. "याला मी बसवणार नाही."

बोलले ते रागाने, आणि भीतीनेही. या कामाखेरीज मला दुसरं काही येत नाही.

गुंडू आईच्या कडेवरून खाली उतरायला धडपडत होता. सुजलेला ओठ, डोळ्यांत पाणी, आणि लक्ष सगळं जमिनीकडे. आईने त्याला खाली उभं केलं. "अगं," वडील म्हणाले, पण तिने हात काढून घेतला.

"मावशी," ती म्हणाली, "उद्या नेहमीसारखं नऊलाच आणते त्याला."