दोघांचं विमान

"बाबा, ती करवत आधी खाली ठेवा."

लेक शेडच्या दारातच थबकली. बापाने विमानाच्या डाव्या पंखाचं कापड टराटरा फाडून आतली लाकडी तुळई उघडी पाडली होती.

"इथे हात लाव," तो म्हणाला.

तिने लावला. दोन फळ्यांच्या जोडातून वाळक्या सरसाची पिवळी पूड बोटांवर आली.

तरुणपणी त्याने या विमानाचा आराखडा मांडला, तेव्हा कारखान्यातले लोक हसले होते. छोट्या विमानांत माणसं एकामागे एक बसत. याने दोन्ही जागा शेजारी-शेजारी ठेवल्या. "फिरायला निघालेल्यांनी काय एकमेकांच्या पाठी बघायच्या?" असं तो म्हणे. त्यासाठी त्याने विमानाचं पोट रुंद केलं. कारखाना केव्हाच बंद पडला होता. त्या घडणीची दोनच विमानं उरली होती, एक फ्लाइंग क्लबकडे आणि एक इथे. लेक यातच, त्याच्या शेजारी बसून, उडायला शिकली.

क्लबचं विमान गेल्या आठवड्यात हवेतच मोडलं. वैमानिक आणि त्याची बायको, दोघंही गेली. ते जिथे कोसळलं त्या शेतात बाप जाऊन आला. पंखाचं लाकूड शाबूत होतं. सरस वाळून जोड सुटले होते. तिथे त्या बायकोच्या आईने त्याला विचारलं, "तुम्हीच बनवलंत का हे?"

तो "हो" म्हणाला. ती शिव्या घालेल म्हणून उभा राहिला. ती पाठ फिरवून निघून गेली.

"सरस नवा भरू," लेक म्हणाली. "मी करते सगळं."

"पंखाचा भरशील. शेपटीचं काय? पोटाचं काय? आतून कुठला जोड सुटलाय ते बाहेरून कळत नाही, बाळा."

"मग नुसतं उभं राहू दे. मी नाही उडवणार."

"तू नाही उडवणार. पण मी डोळे मिटल्यावर कुणीतरी येईल. किती देखणं आहे म्हणेल, आणि एकदाच वर नेईल. शेजारी कुणाला तरी बसवून."

तिने बोटांवरची पिवळी पूड झटकली.

"माझ्यापेक्षा लाडकं होतं ना हे तुमचं?"

"तुझ्याएवढं," बाप म्हणाला आणि त्याने करवत लावली.

अर्ध्यात त्याचा दम संपला. लेक पुढे झाली आणि पंखाच्या टोकाला तिने खांदा दिला. त्याने पुन्हा करवत ओढली, शेवटचं लाकूड कडकन तुटलं आणि पंख तिच्या अंगावर आला.

"इतका हलका?" ती म्हणाली.

"हलकाच करायचा होता," म्हणत तो दुसऱ्या पंखाकडे वळला.