ह्याच गोळ्या मीबी खाल्ल्या

डॉक्टरांच्या पुढ्यातलं स्टूल दैवशालाला मिळालं, पण बोलायची पाळी काही तिच्यावर येत नव्हती. उमरग्याच्या त्या दवाखान्यात, आणि खरं बघितलं तर आपल्याकडच्या बहुतेक दवाखान्यांत, बाईचं दुखणं बाईनं सांगायचं नसतं. तिनं जीभ दाखवायची, दंड पुढं करायचा, सुई टोचून घ्यायची. सांगायला बरोबर आलेला बाप्या असतो.

"काय म्हणते तब्येत?" डॉक्टरांनी विचारलं ते बब्रुवानला.

"मजेत हाय," तिचा नवरा म्हणाला.

मजेत असलेली ती बाई येताना एसटीच्या खिडकीतून ओकत आली होती. पदराला अजून वास होता.

दैवशाला हायवेवरच्या गुरुसिद्धप्पाच्या धाब्याला भाकऱ्या पुरवायची. ज्वारीच्या, पातळ, पापुद्रा सुटलेल्या. हैदराबादकडं जाणारे ट्रकवाले तिला अव्वा, म्हणजे आई म्हणायचे, आणि गाडी उभी करून आधी भाकरी अव्वाच्याच हातची हाय का विचारायचे. अशीच टोपली घेऊन मोटरसायकलवर मागं बसून जाताना गाडी गतिरोधकावर उडाली आणि ती उजव्या कोपरावर पडली. हाड दुभंगलं. ऑपरेशन करून तार घातली. डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं, गोळी घ्यायची, दुखणं दबलं की कोपर वाकवायचं आणि सरळ करायचं, रोज. नाही केलं तर सांधा धरेल आणि हात काठीसारखा राहील. धरलेल्या कोपरानं भाकरी थापता येत नाही. गुरुसिद्धप्पानं निरोप धाडला होता की अव्वा, तुझी जागा राखून ठेवतो, पण माझा धाबा काही तुझ्या कोपरासाठी थांबणार न्हाय.

आता अडचण अशी होती, की गोळी पोटात गेली की घर फिरायला लागायचं. आधी तोंडाला पाणी सुटायचं, मग खाल्लेलं सगळं अंगणात. भिंतीला धरून उभं राहता येत नव्हतं तिथं व्यायाम कुठला? आणि गोळी टाळली तर कोपराला हात लावू देववत नव्हता. दोन्हीकडून कोपर जागचं हलत नव्हतं.

तिनं बब्रुवानला सांगून बघितलं. त्याचं एकच उत्तर, "ह्याच गोळ्या मीबी खाल्ल्या. मला काय झालं?"

गेल्या वर्षी त्याचा कंबरेचा मणका सरकला होता. तेव्हा ह्याच डॉक्टरांनी त्याला ह्याच गोळ्या दिल्या होत्या, आणि आपण कसे आठवड्यात उठून बसलो हे त्यानं पारावर सगळ्यांना ऐकवलं होतं. बब्रुवानच्या अंगाला जे झालं नाही ते कुणाच्याच अंगाला होत नसतं, असा त्या घरात कायदाच होता. जाऊ कमलबाई अंगण धुता धुता म्हणाली, "दैवशाला, ह्या वयात काय बातमी हाय का गं?" आणि सगळ्या गल्लीला हसवलं. चार दिवसांत बातमी गेली आणि नाटकी बाई एवढंच नाव मागं राहिलं.

डॉक्टरांनी कोपर धरून वाकवून बघितलं. दैवशालानं ओठ दाताखाली धरला. कोपर जरा हललं आणि अडलं.

"व्यायाम करत नाहीत का ह्या?" परत बब्रुवानलाच.

"आळस, सायेब. गोळी खाल्ली की पडून ऱ्हाते. म्या ह्याच गोळ्या खाऊन..."

डॉक्टरांनी मान हलवली. पुढच्या वेळेपर्यंत वाकलं नाही तर सोलापूरला नेऊन भूल देऊन वाकवावं लागेल, आणि तेवढं करूनही हमी नाही, म्हणाले. गोळ्या त्याच चालू ठेवा. पेन कागदावर टेकलं.

"सायेब," दैवशाला म्हणाली, "ह्यांना काय झालं हुतं ते म्या सांगते."

बब्रुवाननं तिच्याकडं बघितलं.

"ह्या गोळ्या खाल्ल्या आन् ह्यांची लघवी बंद झाली. पोट नगाऱ्यावानी टम्म. तुमच्याकडं यायची लाज वाटली, म्हणून नळदुर्गला नेऊन नळी घातली. गावात सांगितलं, ताप हाय. ती लघवीची पिशवी म्याच रिकामी करत हुते, पदराखाली झाकून."

"गप बस," बब्रुवान म्हणाला. "ती उन्हाळी लागली हुती."

"पौषात?"

तो भिंतीवरच्या हाडांच्या चित्राकडं बघायला लागला.

"ह्यांचं अडलं ते म्या झाकलं, म्हणून हे मजेत," दैवशाला म्हणाली. "माझं अंगणात पडतंय, सगळ्यांना दिसतंय, म्हणून म्या नाटकी. ही गोळी माझ्या पोटात ऱ्हात न्हाय, सायेब. आन् तिच्याबिगर कोपर वाकत न्हाय. आता काय लिव्हायचं ते लिव्हा."

डॉक्टरांनी पेन ठेवलं. बब्रुवानला विचारून घेतलं, नळी कधी घातली, गोळ्या चालू असतानाच का. त्यानं मान डोलावली, तीही अर्धी. मग डॉक्टर म्हणाले, की ही अफूच्या जातीतली गोळी. बायकांना हिनं मळमळ, उलट्या पुरुषांपेक्षा जास्त होतात. वय झालेल्या पुरुषांची लघवी अडकू शकते. म्हणजे हे त्यांना ठाऊक होतं, शिकलेलं होतं. पण शिकलेलं ते समोर बसलेल्या बाईला विचारायचंही असतं, एवढंच राहून गेलं होतं. त्यांनी गोळी कमी ताकदीची केली, ती जेवणावर घ्यायची, तिच्याआधी उलटी थांबवायची गोळी, आणि जोडीला दुखण्यावरही चालणारी साधी तापाची गोळी लिहिली. तरीही मळमळलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता यायला सांगितलं. हे सांगताना ते पहिल्यांदा तिच्याकडं बघून बोलले.

परतीच्या वडापच्या जीपमध्ये बब्रुवान तोंड फिरवून बसला होता. गाव जवळ आल्यावर म्हणाला, "माझी इज्जत घालवलीस."

"तुमच्या इज्जतीनं कोपर वाकत न्हाय," दैवशाला म्हणाली.

मळमळ साफ गेली नाही, पण जेवण पोटात राहायला लागलं. गोळीनं दुखणं दबलं की ती चुलीपाशी बसून कोपर वाकवायची, दात आवळून, शिव्या देत. कमलबाईनं एकदा विचारलं, शिव्या कुणाला. दैवशाला म्हणाली, कोपराला. उरलेल्या तू वाटून घे. हात आधी हनुवटीपर्यंत आला, मग तोंडापर्यंत. सरळ मात्र पूर्ण झाला नाही, होणारही नव्हता. पहिली भाकरी एका बाजूला जाड झाली. गुरुसिद्धप्पानं ती स्वतःच खाल्ली आणि दुसरी थापायला सांगितली.

पुढच्या तारखेला दैवशाला दवाखान्यात एकटीच आत गेली. डॉक्टरांनी सवयीनं तिच्या मागं दाराकडं बघितलं आणि बरोबर कोण आलंय, विचारलं.

"बाहेर पानपट्टीवर हायत," ती स्टुलावर बसत म्हणाली. "त्यांचं काय विचारायचं आसंल तर बलावते."