सरकीएवढे ग्रहण

बाभुळगावाजवळच्या त्या गावात, भर दुपारी, कापसाची कोठी माणसांनी गच्च भरली होती. खिडक्यांना घोंगड्या लावल्या होत्या. अंधारात पडद्यामागचा दिवा एका बारीक भोकातून चमके. रोग बरे करायला गावात आलेले महाराज त्याला कुंभ राशीतला तारा म्हणत. रोग्याचे नाव घेतले की तारा क्षणभर विझे आणि साऱ्या कोठीचे हात जोडले जात.

"त्या ताऱ्याचे साती ग्रह माणसाले धरून राह्यले," महाराज सांगत. "पंचांगवाल्यायले पत्ता नाही, पण अमेरिकेले ठाऊक हाय. तुमच्या घनश्याम सरायले विचारा."

सोमवारी लोकांनी खरोखरच विचारले होते. ट्रॅपिस्ट नावाच्या त्या ताऱ्याभोवती सात ग्रह आहेत, हे घनश्याम सरांनीच शाळेत शिकवले होते. चारचौघांत आपले नाव निघाल्याने ते सुखावले आणि "हो, आहेत," एवढेच बोलून थांबले. 'पण ते माणसाला धरत नाहीत,' हे पुढचे वाक्य त्यांनी गिळले. त्या अर्ध्या सत्यावर विसंबून मैनाबाईने आपल्या अकरा वर्षांच्या खुशीच्या सिकलसेलच्या गोळ्या बंद केल्या. आज पोरगी कोठीत आईच्या मांडीवर कण्हत पडली होती, आणि सरही शेजारीच बसले होते.

महाराजांनी तिचे नाव उच्चारले. तारा विझला. खुशी क्षीण आवाजात म्हणाली, "सर, हे तं आपल्या वर्गातली सरकी होय."

अंधारातही सरांचा चेहरा तापला. ग्रह आडवा आला की ताऱ्याचा उजेड कसा उणावतो, हे त्यांनी बल्बसमोरून दोऱ्याला बांधलेली सरकी नेऊन मुलांना दाखवले होते. त्या दिवशी हेच महाराज पाहुणे म्हणून वर्गात बसले होते. सरांनी उठून पडदा ओढला. दिव्यासमोर दोऱ्याला बांधलेली सरकी लोंबकळत होती. दोऱ्याचे दुसरे टोक महाराजांच्या पायाच्या अंगठ्याला होते.

"ही ग्रहाचीच दोरी हाय," महाराज म्हणाले.

"मंग ग्रहाले तुमचा अंगठा कायले लागते?" म्हाताऱ्या पुंडलिकरावांनी विचारले.

सर बोलू लागले. तो तारा नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. ग्रह आडवा आल्याने त्याचा उजेड शंभरात एका हिश्शानेही घटत नाही. "आणि आज पोचणारा उजेड चाळीस वर्षांपूर्वी निघाला. मैनाबाई, तेव्हा तुमचाही जन्म झाला नव्हता. खुशीचे नाव ऐकून तो आज कसा विझेल?"

मैनाबाईने महाराजांकडे पाहिलेही नाही.

"सोमवारी काहून नाही बोलले, सर?"

सरांची मान खाली गेली. "मले मान पाह्यजे होता, बाई," ते म्हणाले.

त्यांनी स्वतः खुशीला उचलून यवतमाळच्या दवाखान्यात नेले. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. तेव्हापासून हा पाठ शिकवताना सर आधी आपला तो सोमवार सांगतात, मग सात ग्रह. आणि शेवटी मुलांना विनवतात, की कोणी अर्धे सांगून थांबला, मग तो मास्तर का असेना, तर उरलेले विचारल्याशिवाय जागचे हलू नका.