मक्यात उभा ट्रक

मी अमेरिकेतल्या आयोवा राज्यातला एक जुना लाल ट्रक बोलतोय. लाल म्हणायचं ते सवयीने. पत्र्यावर आता गंजाचाच रंग जास्त आहे. माझ्या चारी बाजूंनी मका उभा आहे, माझ्या टपापेक्षाही उंच. वारा सुटला की त्याची पानं काचांवर घासतात. तेवढीच काय ती विचारपूस.

मला कारखान्यातून थेट शेतावर आणलं ते मॅग्नस स्कॉगस्टाड यांनी. नॉर्वेहून आलेल्या घराण्यातला माणूस, शब्दांच्या बाबतीत अगदी चिक्कू. त्यांनी माझ्याभोवती एक फेरी मारली, टायरला लाथ घालून पाहिली आणि म्हणाले, "बरा आहे." त्या घरात याहून मोठं कौतुक मी पुढे कधी ऐकलं नाही.

त्यांना दोन मुलगे. थोरला डेल्मर, धाकटा नॉर्म. दोघंही माझ्यावरच गाडी चालवायला शिकले आणि दोघांनीही मला एकेकदा एकाच ओढ्यात घातलं. म्हातारा गेल्यावर जमीन दोघांत वाटली गेली. मी वाटला गेलो नाही. ट्रकचे दोन तुकडे कोण करणार? मी दोघांचा राहिलो.

डेल्मरने डुकरं पाळली. नॉर्मला जनावरांची कटकट नको होती. तो मका पिकवायचा. वर्षानुवर्षं माझं काम एकच. नॉर्मच्या पत्र्याच्या कोठीतून मका भरायचा आणि डेल्मरच्या शेडपाशी ओतायचा. बर्फातून मी वळणावर आलो की डुकरं माझा आवाज ओळखायची आणि एकच गलका करायची. माझं असं स्वागत दुसऱ्या कुणी केलेलं मला आठवत नाही.

मका ओतून झाला की डेल्मरची बायको आर्डिस दारात यायची.

"नॉर्म, बूट झाडून आत ये. मागच्या खेपेला अर्धं शेत माझ्या स्वयंपाकघरात आणलंस."

"पेर की मग त्यात काहीतरी, वहिनी."

कॉफीचा वास माझ्यापर्यंत यायचा. मी बाहेर थंड होत उभा असायचो, पण एकटं वाटत नसे.

मग गावाबाहेर इथेनॉलचा, म्हणजे मक्यापासून पेट्रोलमध्ये मिसळायचा मद्यार्क काढणारा कारखाना आला. गावची अवस्था तेव्हा वाईट होती. किराणा दुकान बंद पडलं होतं, शाळा बंद पडायच्या बेतात होती. शेतकऱ्यांनीच पुढाकार घेऊन तो कारखाना उभा केला. नॉर्म भागीदार झाला. डेल्मर "पाहू" म्हणाला, आणि पाहतच राहिला. कारखान्याच्या चिमणीतून पांढरी वाफ निघायची आणि गावभर आंबलेल्या पिठासारखा वास पसरायचा. खोटं कशाला बोलू, त्या कारखान्यानं गाव वाचवलं. शाळा टिकली, दुकानाला पुन्हा दिवे लागले. मीही कापणीच्या दिवसांत मका भरून त्या फाटकापाशी रांगेत उभा राहू लागलो.

एकदा दोघे भाऊ मिळून आले होते. पुढे ट्रकांची लांबच लांब ओळ.

"एवढा सगळा मका गाड्यांच्या टाक्यांत जाणार," डेल्मर म्हणाला.

"हा मका माणसं थोडीच खातात?"

"डुकरं खातात. आणि डुकरं कोण खातं?"

"तू. सकाळ-संध्याकाळ. जरा पोटाकडे बघ."

दोघे हसले. तेव्हा ती गोष्ट हसण्यासारखी होती.

मग तो कोरडा उन्हाळा आला. मक्याच्या पानांची सुरळी झाली. कणसं आली ती बोटाएवढी, त्यातही दाणे विरळ. कापणी झाल्यावर एका सकाळी डेल्मर नॉर्मच्या अंगणात आला. मी दोघांच्या मधेच उभा होतो.

"माझ्या डुकरांपुरता मका बाजूला ठेव," डेल्मर म्हणाला.

"ठेवायला आहे कुठे? मी पेरणीआधीच कारखान्याला लिहून दिलंय."

"त्यांना थोडा कमी दे."

"कमी पडला तर बाजारातून घेऊन भरून द्यावा लागतो. आजच्या भावात मी बुडेन, डेल्मर."

"मग मी बुडू?"

नॉर्म माझ्या दारावरची धूळ बोटाने पुसत राहिला. "भाव मी नाही वाढवला. दुष्काळानं वाढवला."

"अर्धा दुष्काळानं. उरलेला अर्धा त्या तुमच्या चिमणीनं."

डेल्मर निघून गेला. नॉर्मला चैन पडेना, हे मला दिसत होतं. चार दिवसांनी त्याने कारखान्यातून मक्याचा चोथा माझ्यात भरला. इथेनॉल काढून घेतलं की उरतो तो. मला घेऊन तो डेल्मरच्या शेडपाशी आला. डुकरांनी माझा आवाज ऐकून गलका केला.

डेल्मरने मूठभर चोथा उचलून हुंगला. "गाड्यांनी दारू प्यायची आणि माझ्या डुकरांनी चोथा खायचा?"

"पौष्टिक असतो. सगळे घालतात."

"गाईंचं भागतं त्यावर. डुकराच्या पिलांचं नुसत्या ह्यावर भागत नाही. तुलाही माहितीये. ने परत."

"निदान आजच्यापुरता तरी..."

"ने म्हटलं ना."

भरलेला हौदा घेऊन मी त्या दारातून मागे फिरलो. आत डुकरं ओरडत होती. त्यांना कसं कळणार, मी का थांबलो नाही ते.

त्या हिवाळ्यात डेल्मरने डुकरं विकली. पिलं मोठ्या गाडीतून गेली, पण जुन्या डुकरिणी त्याने माझ्यात चढवल्या. हौद्याला फळ्या लावल्या, खाली पेंढा अंथरला. एक म्हातारी डुकरीण फळीवर पाय ठेवेना. डेल्मर तिच्याशेजारी चिखलात बसला. कितीतरी वेळ तिच्या कानामागे खाजवत राहिला. "चल गं बाई," म्हणाला, "मलाही जायचं नाहीये." मग ती चढली. परतताना मी रिकामा होतो. एरवी लावायचा तो रेडिओही त्याने रस्ताभर लावला नाही.

मला त्याने नॉर्मच्या अंगणात सोडलं, किल्ली पायरीवर ठेवली आणि तो पायी घरी गेला. त्यानंतर दोघे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले. भांडणही नाही. शिवीगाळ झाली असती तर बरं झालं असतं. शिव्या संपतात तरी.

एकदा आर्डिस स्वतः चालत आली.

"रविवारी जेवायला ये," ती नॉर्मला म्हणाली.

"त्यानं बोलावलंय?"

"मी बोलावलंय. घर माझंही आहे."

"तो म्हणाला तर येईन, वहिनी."

"दोघंही बापावर गेलात," ती म्हणाली. जाताना तिने माझ्या बॉनेटवर हात टेकून दम घेतला. तिला दम लागत होता, हे नॉर्मच्या लक्षात आलं नाही.

नॉर्मकडे आता मोठा ट्रक होता. मी क्वचित बाहेर निघायचो. पूर्वी डेल्मर माझ्यासाठी दूरच्या पंपावरून बिनमिसळीचं पेट्रोल आणायचा, कारण माझ्यासारख्या जुन्या गाडीच्या रबराला इथेनॉल सोसत नाही. नॉर्म पंपावर मिळेल ते भरायचा. ते महिनोन्‌महिने माझ्या पोटात पडून राहायचं, हवेतलं पाणी ओढून घ्यायचं. माझी टाकी आतून गंजू लागली, नळ्या फुगून मऊ पडल्या. मीच वाहिलेला मका असेल त्यात, कुणी सांगावं. मला तो पचला नाही एवढं खरं.

एका कापणीत मोठा ट्रक कमी पडला म्हणून नॉर्मने मला बाहेर काढलं. कारखान्याच्या अलीकडच्या चढावर मी आचके दिले आणि बंद पडलो. मागचे ट्रक आम्हाला वळसा घालून पुढे जात होते. त्यातच डेल्मरची गाडी आली. पुढे गेली. मग थांबली आणि मागे आली.

डेल्मर उतरला. भावाकडे न बघता त्याने माझं बॉनेट उघडलं, नळी ओढून काढली. ती त्याच्या बोटांत ओल्या पावासारखी तुटली.

"काय पाजलंस ह्याला?"

"पंपावर मिळतं तेच."

"मला विचारायचं."

"तू बोलत होतास का माझ्याशी?"

डेल्मरने हात चिंध्यांना पुसले. "ट्रकबद्दल बोललो असतो," तो म्हणाला.

दोघांनी मिळून मका दुसऱ्या ट्रकात भरून दिला. डेल्मरने मला साखळीने ओढत आपल्या घरी नेलं आणि रिकाम्या शेडमागे उभं केलं. नॉर्म नवीन नळी आणतो म्हणाला. डेल्मर म्हणाला, "राहू दे. न्यायचं काय आहे आता?"

पुढच्या हिवाळ्यात आर्डिस गेली. चर्चमधून आल्यावर दोघे भाऊ काळ्या कोटात माझ्याजवळ येऊन उभे राहिले. पाहुणे घरात होते, हे दोघे बाहेर.

"मला म्हणाली होती जेवायला ये," नॉर्म म्हणाला.

"माहितीये. ताट मांडलं होतं तिनं."

बर्फ पडू लागला, तरी कुणी हललं नाही.

मग डेल्मरचे गुडघे गेले. मुलीने त्याला दूर मिनिआपोलिस शहरात आपल्याकडे नेलं. जमीन त्याने नॉर्मलाच कसायला दिली. नॉर्मने शेड पाडली, दगड वेचले, सगळं सपाट केलं आणि वसंतात पेरणी केली. आता मला ओढून भंगारात टाकतील, अशी मी मनाची तयारी केली होती. पण पेरणीचं यंत्र माझ्याजवळ आलं, थांबलं आणि हळूच वळलं.

संध्याकाळी नॉर्म माझ्या पायरीवर बसला आणि त्याने फोन लावला.

"पेरणी झाली," तो म्हणाला.

"कसला मका?" फोनमधून डेल्मरचा आवाज आला, लांबून आल्यासारखा.

"कारखान्याचाच."

"ओल आहे?"

"चांगली आहे."

"ट्रक हलवलास?"

"नाही. वळसा घातला."

"ओळी मोडल्या असतील."

"मोडल्या."

"लोक हसतील तुला."

"हसू देत."

फोन ठेवल्यावरही तो अंधार पडेपर्यंत बसून होता. त्यानंतर कुणी आलेलं नाही. मका वाढत गेला. आधी रस्ता दिसेनासा झाला, मग घर, मग चिमणीची वाफ. आता फक्त वरचं आभाळ दिसतं.

इंजीन पुन्हा सुरू व्हावं, असं मला वाटत नाही. हा मका कुठे जातो, कुणाच्या पोटात, हेही ठरवणारा मी कोण? एवढंच मागणं आहे, कापणीआधी कुणीतरी डेल्मरला इथवर आणा. गुडघे दुखतील, त्याला दोन्हीकडून धरावं लागेल. माझ्यापर्यंत वाट नाही. मक्यातूनच करावी लागेल. थोडं पीक तुडवलं जाईल.

नॉर्म काही म्हणणार नाही.