उसनी पोरगी

शिवकन्याबाई तेवीस वर्षं शिरड शहापूरच्या शाळेत शिकवत होत्या आणि त्यांना पाहून आजवर कुणाच्या पोटात गोळा आला नव्हता. या श्रावणात हिंगोली शहरातल्या अकरा सरकारी शाळा तपासायचा आदेश त्यांच्या हाती पडला आणि सगळंच पालटलं. आता त्या फाटकातून आत शिरल्या की व्हरांड्यातलं हसणं तिथंच थांबायचं. कोणी खुर्ची पुसायचं, कोणी पाणी आणायचं, आणि सगळे जण हवापाण्याखेरीज एक अक्षर बोलायचे नाहीत.

तपासणीचा तक्ता मोठा होता. नळाला पाणी येतं का, भिंत पडलेली आहे का, हजेरी किती, किती लेकरं मधेच शाळा सोडून गेली, असं सारं त्यात भरायचं. शेवटी वाचन. शाळेनं स्वतः एक मूल पुढं करायचं, त्याच्या हाती अनोळखी उतारा द्यायचा. त्याला वेगळे दहा गुण. मग श्रेणी. ‘क’ मिळाली की शाळा शेजारच्या शाळेत विलीन होणार, अशी शहरभर कुजबुज होती. मास्तर लोक भिंतींना रंग लावून लावून घामाघूम झाले होते.

बाईंनी पंधरवड्यासाठी एक खोली भाड्यानं घेतली होती. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, पोटी मूल नाही. गावी निदान शेजारीण कढी मागायला तरी यायची. इथं संध्याकाळी सहानंतर तोंड उघडायचं ते जेवायलाच, आणि एकटीसाठी भाजी करताना माणसाला स्वतःचीच कीव येते. अपवाद फक्त शालूबाईचा. डी.एड.ला असताना दोघी दोन वर्षं एका ताटात जेवलेल्या. शालूबाई आता गिरणीमागच्या शाळेची मुख्याध्यापिका होती. ज्यांची शाळा तपासायची त्यांच्या घरी जेवू नये, हे बाईंना ठाऊक होतं. तरी त्या तीनदा जाऊन जेवल्या. न जाऊन करतात काय, भिंतीशी बोलतात?

टाकीजवळच्या शाळेत त्यांना ती पहिल्यांदा दिसली. बारा वर्षांची, सावळी, कपाळावर बारीक गोंदण. मास्तरांनी ‘प्रियंका’ म्हणून पुढं केली. पोरीनं उतारा असा वाचला की बाईंचं पेन थांबलं. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, सगळं बराबर. बाईंनी दहापैकी दहा दिले.

चौथ्या दिवशी दुसऱ्या शाळेत तीच पोरगी ‘गोदावरी’ म्हणून उभी राहिली. गणवेश वेगळा, तोही अंगाला ढगळ. बाईंनी ओळखलं. पोरीनंही ओळखलं, आणि घाबरायचं सोडून ती चक्क हसली. मतलबाशिवाय कोणी आपल्याकडे पाहून हसल्याला किती दिवस झाले, हे बाई मनात मोजू लागल्या. मोजता मोजता त्यांनी पुन्हा दहा गुण लिहून टाकले. असं करायला नको होतं. खोलीवर आल्यावर त्यांनी स्वतःला चार शिव्याही दिल्या. पण पुढच्या शाळेच्या फाटकात त्यांची नजर आधी तिलाच शोधू लागली, हे काही शिव्यांनी थांबलं नाही.

नववी शाळा शालूबाईची. वाचनाला पुढं आली ‘रुक्मिण’. तीच.

बाईंनी उतारा दिलाच नाही. वर्गाबाहेर लिंबाखाली तिला घेऊन बसल्या.

“तुझं खरं नाव काय गं?”

“दिपा. दिपा उत्तमसिंग.”

“आन शाळा कोणती तुझी?”

पोरीनं मान खाली घातली. “कोणतीच न्हाई. तिसरीपर्यंत तांड्यावर होते. मंग दर साली आईबापासंगं ऊस तोडायला जाऊन राहिले. आता बाप हितं बांधकामावर हाय. गुरुजी फटफटीवर न्यायला येतेत. त्या दिशी खिचडी देतेत, आन वाचायला पुस्तक बी.”

“तू एवढ्या शाळा पाहिल्या. चांगली कोणती?”

दिपानं खरोखर विचार केला. “टाकीपाशी नळाला पाणी हाय. हितल्या बाई ओरडत न्हाईत. पण माझ्या नावानं कोणीच हाक मारत न्हाई. दुसऱ्या पोरीचं नाव घेतलं की म्याच ‘हजर’ म्हणायचं.”

बाईंना गलबलून आलं. सगळ्या शहरातली सगळ्यात चांगली वाचणारी पोरगी, आणि एकाही पटावर नाही! त्या तडक शालूबाईच्या खोलीत गेल्या.

“शालू, तिला पटावर काहून घेतलं न्हाई?”

शालूबाईनं दार लोटलं. “शिवे, समजून घे. दिवाळीनंतर तिचा बाप तिला परत उसाला नेणार. म्हंजे माझ्या शाळेची गळती वाढली. तुमच्या तक्त्यात गळतीचे गुण किती कापतात, तूच सांग. कोणतीच शाळा घेऊन नाही राहिली तिला. मी एकटी काहून तकलीफ ओढवून घेऊ?”

म्हणजे तपासणीपायीच पोरगी बाहेर, आणि तपासणीपायीच आत. शालू खोटं बोलत नव्हती.

“तिला आजच घे. दाखला नसला तरी घ्यायचा नियम हाय.”

“घेते. पण तू हे उसन्या पोरीचं लिहू नको. एवढं सांभाळ. ‘क’ आली तर माझी पोरं हायवे ओलांडून जातील गं.”

शिवकन्याबाई खिडकीशी गेल्या. न लिहिलं तर शालू आपली राहील. रविवारी दोघींनी कळमनुरीच्या बाजाराला जायचं ठरलं होतं. पण मग बाकीची पोरं, ज्यांच्या हाती कुणी उतारा दिलाच नव्हता, त्यांना वाचता येतं असं कागदावर आयुष्यभर राहणार होतं.

“पाहिलं ते सगळं लिहिणार,” त्या म्हणाल्या. “मी दोनदा खोटे दहा दिले, ते बी. आन तक्त्यानंच पोरगी बाहेर ठेवली, हे सगळ्यात वर.”

शालूबाईनं पट काढला, शेवटच्या ओळीखाली नाव लिहिलं, आणि वर्गात जाऊन मोठ्यानं वाचलं, “दिपा उत्तमसिंग राठोड.”

“हजर!” दिपा इतक्या जोरात ओरडली की वर्ग हसला. तीही हसली, शेजारच्या पोरीनं तिला बाकावर जागा करून दिली, आणि त्या गडबडीत तिनं दाराकडे पाहिलंच नाही.

शालूबाई बाहेर आली. बाईंनी भरलेल्या तक्त्यावर सही केली, शिक्का मारला आणि तो दोन्ही हातांनी पुढं केला.

“आणखी काही पाहायचंय का, मॅडम?”

“नाही,” शिवकन्याबाई म्हणाल्या, आणि तक्ता पिशवीत घालून फाटकाकडे चालू लागल्या. अजून दोन शाळा व्हायच्या होत्या.